धोंडुबाईची वीतभर उडी

माझी आजी धोंडुबाई पेणच्या खाडीकडल्या आमच्या गावात एक वीत उंच उडाली आणि रोह्याच्या शेजारी वरसे गावात अकरा फूट. दोन्ही मापं अधिकृत आहेत. पहिलं ग्रामपंचायतीनं घेतलं, दुसरं बिल्डरनं. दोन उड्यांच्या मधे पाच वर्षं गेली होती, तेवढ्यात बाई सुधारली असेल, असं आमच्या ग्रामसेवकाचं मत आहे. त्याला पगार मिळतो.

खरं काय ते सांगतो. आजी मिठागरात कामाला होती. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली अरुंद बांध, मधे मधे पाण्याचे चर. चर ओलांडायचा तर उडी मारायला लागते, सगळ्याच बाया मारायच्या. आजी गरज नसताना मारायची. मिठाच्या राशीवरून उडायची, दुपारी आडव्या झालेल्या मुकादमावरून उडायची. हंगाम संपला की शेवटच्या दिवशी गड्यांच्या उड्यांचा खेळ असायचा. दोघांनी दोरी धरायची, पलीकडे भाताचा पेंढा पसरायचा. अठ्ठावीस साली आजी लुगड्याचा कासोटा खोचून गड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. लोक हसले. संध्याकाळपर्यंत ती एकटीच उडत होती आणि बाकीचे पेंढ्यात बसून पाय चोळत होते.

मिठागराच्या मालकाच्या लक्षात आलं की ही बाई मिठापेक्षा बरी, पावसात विरघळत नाही. त्यानं तिला जत्रांना न्यायला सुरुवात केली. पेण, नागोठणे, रोहा. कधी मचव्यातून, कधी बैलगाडीतून. ती पैलवानांच्या आधी उडायची आणि पैलवान चिडायचे, कारण तिच्यानंतर कुस्ती बघायला कोणी थांबायचं नाही. दोरी धरायला नेहमी गुणाजी आणि कान्हू हे आमच्याच आळीतले दोघे. दुसऱ्या कुणाच्या हातात ती दोरी देत नसे. परगावचे गडी ती धावत सुटली की हळूच दोरी वर करायचे. बाईकडून हरायचं नव्हतं ना.

चौतीस साली गावच्या खेळात ती इतकी उंच उडाली की मुकादमानं मिठागराच्या हद्दीच्या उभ्या दगडावर दोरीच्या उंचीला छिन्नीनं खाच मारली. एकोणचाळीस साली वरशाला टेकडीच्या पायथ्याला उडाली, तिथल्या लोकांनी मागच्या कातळावर खाच मारली. त्यानंतर लढाई लागली, गुणाजी आणि कान्हू पलटणीत भरती झाले, आणि आजीचं उडणं संपलं. एवढंच कारण. पाय शाबूत होते, दोरी धरायला भरवशाचा माणूस नव्हता.

तिनं माझ्या आईला, म्हणजे रंभाला, एकच माप सांगून ठेवलं होतं. "रंभे, मी माज्या गल्याएवडी उडाले." फूट, इंच तिला ठाऊक नव्हते. गळा ठाऊक होता. आई आज चौऱ्याऐंशीची आहे. गावातच दिली, गावातच म्हातारी झाली, आणि लहानपणापासून गळ्याला हात लावून सांगत आली की माझी आय एवढी उडाली.

आता आमच्या गावाचं बघा. गावात प्रत्येक सरपंच रस्ता करतो. जुना रस्ता उकरून नवा करावा, ही अक्कल कुणाला नाही, आणि असली तरी त्यात काही सुटत नाही. जुन्यावर नवा टाकायचा. मुरमावर खडी, खडीवर डांबर, डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. पंचाऐंशी वर्षांत रस्ता वर वर आला आणि हद्दीचा दगड त्यात बुडत गेला. मी शाळेत होतो तेव्हा खाच माझ्या छातीला लागायची. लग्न झालं तेव्हा गुडघ्याला. आज रस्त्यापासून एक वीत वर आहे. शेजारच्या जनूची शेळी रोज सकाळी चरायला जाताना आजीचा विक्रम मोडते आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा मोडते.

गावातली घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत. आईच्या घरात शिरायचं तर पायऱ्या उतरायला लागतात, दारात गोण्या टाकल्या नाहीत तर पाऊस थेट चुलीपर्यंत येतो. हे सगळ्यांना दिसतं, सगळे शिव्या देतात. पण आजीची उडी मोजायची म्हटली की जमीन देवानं केली तिथेच आहे. "एवडुशी उडाली व्हय तुजी आय?" असं बाया आईला विचारतात आणि स्वतः पायऱ्या उतरून घरात जातात.

वरशाला उलटं झालं. मी धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो, म्हणून वरशाला राहतो. टेकडीच्या पायथ्याची माती एका बिल्डरनं उपसून विकली आणि त्या खड्ड्यात इमारत बांधली. मागचा कातळ होता तिथेच राहिला, खालची जमीन गेली. आजीची खाच आज पहिल्या मजल्याच्या मागच्या गॅलरीसमोर आहे. बिल्डरनं टेप लावून मोजलं, अकरा फूट भरलं, आणि इमारतीचं नाव ठेवलं 'धोंडुबाई हाइट्स'. पहिल्या मजल्यावरच्या बाया गॅलरीतून हात लांब करून खाचेला हळदकुंकू लावतात. मुलांची उंची वाढते म्हणे. आम्ही त्याच इमारतीत राहतो, पण तळमजल्याला, आमचा हात पोचत नाही. माझी मुलगी किमया बुटकी राहिली, याला सोसायटीत हेच कारण सांगतात.

गेल्या वर्षी कुणीतरी त्या खाचेचा व्हिडिओ काढला. 'रायगडच्या लेकीनं नव्वद वर्षांपूर्वी जगाला हरवलं.' लाखो लोकांनी बघितला. अकरा फूट उंच उडणारी बाई अजून जन्माला आलेली नाही, पुरुषही नाही, पण कुणाला काही खटकलं नाही. परदेशी लोकांनी आपला विक्रम दाबला, असं खाली लिहून आलं. रोह्यात मिरवणूक निघाली.

पेणवाल्यांच्या पोटात दुखलं. बाई आमची आणि नाव रोह्याचं? आमचा सरपंच कमळाकर यानं लगेच धोंडुबाईचा पुतळा मंजूर करून आणला. दगडाशेजारी पुतळा, खाली फलक, फलकावर उडीची उंची. उंची मोजायला ग्रामसेवक आला, दगडाशी टेप लावली आणि कागदावर लिहिलं, अर्धा फूट.

आई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मेल्या, टेप खाली घाल."

"कुठं खाली, आजी? खाली रस्ता आहे."

"रस्त्याच्या खाली जमीन हाय."

"शासकीय माप चालू रस्त्यापासून घेतात. रस्त्याखालची जमीन आमच्या नकाशात नाही."

मी म्हटलं, आईच्या घराच्या जुन्या ओट्यापासून पाण्याची नळी लावून पातळी काढू. तो म्हणाला, खासगी ओट्यावरून सरकारी उडी मोजता येत नाही. त्याला दोन द्याव्यात असं मनात आलं, पण आईनं माझा हात धरला होता. दुसऱ्या हातानं ती अजून खाली रस्त्याकडेच बोट दाखवत होती. मला तेव्हा कळलं की ही चेष्टा नाही. फलक दगडाचा असणार होता. त्यावर कोरलं की धोंडुबाई, मिठागर कामगार, उडी अर्धा फूट, तर ते कायमचं. आई मेल्यावर गळ्याला हात लावून सांगणारं कुणी उरणार नव्हतं.

पंचायतीत बैठक झाली. कमळाकर तिला आत्ये म्हणतो, लांबचं नातं आहे. पांढरा कडक कुर्ता, पोट पुढे, आवाज गोड. तो म्हणाला, "आत्ये, मी तुझाच माणूस. अर्धा फूट लिवला तर रोहेवाले आपल्यावर थुंकतील. आणि अकरा लिवला तर त्यांचं खरं ठरेल. म्हणून मी मार्ग काढलाय. अकरा अधिक अर्धा, भागिले दोन. पावणेसहा फूट. सरासरी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पावणेसहा फूट म्हणजे त्या काळातली जगातली कुठलीही बाई आजीच्या खालून गेली असती. खरं तर नफ्याचा सौदा होता.

आई म्हणाली, "नको."

"अगो आत्ये, जास्त मिळतंय."

"माजी आय सरासरीत उडली नाय. दोरीवरून उडली. गल्याएवडी उडली, तेवडंच लिव. त्याच्यावर एक बोट नको आनि खाली एक बोट नको."

"गळ्याएवढी हे माप नाही ना. कुणाच्या गळ्याएवढी? माझ्या? ग्रामसेवकाच्या?"

"तिच्या."

"ती कुठंय?"

"मी हाय. तिची नि माजी उंची एक. तिची चोली मी घातली, तिच्या बांगड्या मी घातल्या."

कमळाकरनं तिच्याकडे बघितलं. आईची पाठ वाकून आता ती चालताना जमिनीशी बोलते असं वाटतं. तो हसला. "आत्ये, तुजा गला आता कमरेजवळ आला हो."

बैठक हसली. चहा आला. ठराव झाला, पावणेसहा.

पुतळ्याचं काम हमरापूरला दिलं होतं. तिथे निलेश नावाचा आमच्या ओळखीचा मूर्तिकार आहे, त्याच्या बापजाद्यांनी गणपतीशिवाय काही केलं नाही. मी आईला घेऊन गेलो. शेडमध्ये गणपतींच्या रांगा, रंग न दिलेले, पांढरेफटक, आणि त्यांच्या मधे एक बाई उभी. लुगडं, कासोटा सगळं बरोबर, पण एक हात आशीर्वादाला वर आणि पायाजवळ कशाचा तरी पंजा.

"हे काय?" मी विचारलं.

"बाईचा साचा माझ्याकडं देवीचाच आहे. सिंह काढला, एक पंजा राहिलाय. काढतो तो. पण काका, माझी अडचण वेगळीय. गणपती बसतो. बसलेल्याला पाट लागतो, विषय संपला. ही हवेत पाहिजे म्हणतात. हवेत टेकू कशाचा देऊ?"

"दोरीचा दे," आई म्हणाली.

"दोरी मूर्ती उचलत नाही, आजी. लोखंडी दांडी घालू, पोट दांडीला चिकटवू. पण दांडी किती वर? पंचायतीतून एकदा अर्धा फूट सांगितलं. अर्ध्या फुटावर दांडी म्हणजे बाई उंबरा ओलांडतेय असं दिसतं. मग पावणेसहा सांगितलं. तेवढ्यावर घेतली तर बाई छपराला लागते, वर पत्रा कापायला लागेल." तो ब्रशची मूठ चावायला लागला. "आणि डोळे राहिलेत. डोळे मी सगळ्यात शेवटी आखतो. उडताना बघायची कुठं? खाली की पुढं?"

"डोले मिटायची."

"काय?"

"दोरीजवल आली की डोले मिटायची. सांगायची मला, बघितलं की भ्या वाटतं, मिटलं की दोरी नसते."

निलेशनं ब्रश खाली ठेवला. "मिटलेल्या डोळ्यांची मूर्ती आमच्यात करत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, मूर्ती झोपलीय, पैसे कमी करा."

"गिऱ्हाईक मी हाय."

त्यानं ब्रश परत उचलला. मग म्हणाला, "डोळे मिटतो. पण दांडीचं खरं माप आणून द्या. मला फूट नको, काठी कापून आणा. आम्ही काठीनंच करतो."

गावात परतलो तर दगडाशेजारी खडीचा ढीग पडलेला. अनावरणाला आमदार येणार, म्हणून सोमवारी नवं काँक्रीट. किती जाडीचं, ते रस्त्याच्या मुकादमाला विचारलं. त्यानं बोटं पसरून दाखवलं. एक वीत आणि थोडं वर.

आई खडीच्या ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे सोमवारपासून माजी आय जमिनीखाली उडाली."

त्या दिवशी ती जेवली नाही. मी कंपनीत सुट्टी टाकली आणि विठूला फोन केला. विठू धाटावला एका ठेकेदाराकडे ब्रेकर मशीन चालवतो. जुनी टाकी फोडायची, नवं फाउंडेशन उकरायचं, हेच त्याचं काम. मी म्हटलं, रस्ता फोडायचाय. तो म्हणाला, कुणाचा? मी म्हटलं, सगळ्यांचा. तो आला.

रविवारी सकाळी भर उजेडात, सगळ्या गावासमोर, आम्ही दगडाच्या पायाशी खणायला लागलो. लपवायचं काय होतं? चोरी आम्ही करत नव्हतो, झालेली उकरत होतो. आई खुर्चीवर बसली. माणसं जमली. निलेशही काठी कापायला बांबू घेऊन हमरापूरहून आला होता.

विठूला दगडमातीचं वाचन येतं असं नाही, पण रस्त्याचे थर गावानंच वाचून दाखवले. पेव्हर ब्लॉक निघाले, लोक म्हणाले, कमळाकर. काँक्रीट निघालं, लोक म्हणाले, त्याची बायको, ती राखीव जागेवर होती तेव्हा. डांबर निघालं, ते कमळाकरच्या काकाचं. डांबराखाली डांबर, त्यात एक प्लास्टिकची चप्पल तशीच्या तशी चिकटलेली. जनू म्हणाला, ही माझी, मी नववीत होतो, आणि ती खरंच घेऊन गेला. मग एक संगमरवरी पाटी निघाली. 'या रस्त्याचे उद्घाटन' वगैरे. उद्घाटनाची पाटी रस्त्यातच गाडलेली. पुढच्या सरपंचानं मागच्याची पाटी उपटून खडी म्हणून वापरली होती. खाली आणखी एक पाटी. तिच्याखाली आणखी एक. एका दगडाशेजारी तीन उद्घाटनं झोपली होती. तिसरीवर कमळाकरच्या वडिलांचं नाव होतं. ती आम्ही खड्ड्याच्या भिंतीत होती तशीच ठेवली.

मग मुरूम. मुरमाखाली शिंपले. शिंपल्यांखाली काळा चिखल, आणि वास. खाडीचा, जुन्या मिठाचा. आई खुर्चीतून उठली. "थांब विठू. ही जमीन."

विठू थांबला. त्यानं दगडाचा पाय चाचपून बघितला. तिथे दगड खडबडीत व्हायचा, पुरायचा भाग सुरू व्हायचा. जमीन हीच होती.

"शिडी घाल," आई म्हणाली.

मी नको म्हटलं. चौऱ्याऐंशीचं वय. तिनं ऐकलं नाही. मी पुढे उतरलो, विठूनं वरून धरली, आणि आई एक एक पाय टाकत खड्ड्यात आली. अनवाणी होती. काळ्या चिखलात तिचे पाय घोट्यापर्यंत रुतले, मग कडक लागलं. वर गावाच्या चपला दिसत होत्या, रांगेनं.

ती दगडाला पाठ लावून उभी राहिली. खाच तिच्या डोक्याच्याही वर गेली.

वरून ग्रामसेवकाचा आवाज आला. "बघा, गळा नाही. डोक्याच्या वर आहे. माप चुकीचं."

"मी वाकलेय," आई म्हणाली. "दगड वाकला नाय."

मग तिनं दोन्ही हात मागे घेऊन दगड पकडला. मी तिला कधी सरळ उभी राहिलेली बघितलं नव्हतं, निदान पंधरा वर्षांत नाही. तिनं आधी कंबर दगडाला टेकवली. मग पाठीचा मधला भाग. हाड वाजल्याचा आवाज मी ऐकला, तिच्या तोंडातून आवाज आला नाही. मग खांदे. मग हळूहळू मान वर आली, हनुवटी वर आली, आणि तिचं तोंड वर आभाळाकडे नाही, समोर झालं. खाच तिच्या गळ्याशी होती. चौतीस सालच्या छिन्नीचा खड्डा आणि गळ्याची घाटी, शेजारी शेजारी.

तिनं डोळे मिटले होते.

"सुशील," ती मला म्हणाली, "लवकर बघ. लय वेल नाय जमायचं."

मी बघितलं. निलेशनं वरून बांबू खाली सोडला, मी तो दगडाशी उभा धरून खाचेजवळ नखानं खूण केली. मग आई पुन्हा वाकली. तिला वर घेतलं, खुर्चीत बसवलं, कुणीतरी पाणी दिलं. जी बाई 'एवडुशी उडाली व्हय' म्हणायची तीच तिच्या पाठीला हात चोळत होती.

तेवढ्यात कमळाकर आला. मोटारसायकलवरून उतरतानाच ओरडत. सरकारी मालमत्ता, गुन्हा, आमदार, सोमवार. "कुणी फोडला माझा रस्ता?"

"तुझा वरचाच फोडला," विठू म्हणाला. "खालचे बाकीच्यांचे आहेत."

"माप झालं, कमळाकर," आई म्हणाली. "गल्याएवडी."

"आत्ये, ठराव झालाय. पंचायतीचा ठराव खड्ड्यात उतरून बदलत नाही." मग त्याची नजर खड्ड्यात गेली आणि तो थांबला. भिंतीत पाटी, पाटीवर वडिलांचं नाव. "हे अण्णांचं काय करतंय तिथं?"

"झोपलेत," जनू म्हणाला.

कमळाकरच्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नव्हतं. मग लगेच त्यानं खिशातून फोन काढून ग्रामसेवकाकडे दिला. "माझा एक फोटो काढ. अण्णांच्या पाटीबरोबर. आमदारांना पाठवतो." आणि कडक कुर्ता सावरत शिडीवरून खाली उतरला. पाटीवर हात ठेवला, चेहरा गंभीर केला. फोटो निघाला.

आई म्हणाली, "विठू, शिडी वर घे."

विठूनं घेतली. त्यानं एकदाही विचारलं नाही का.

"ओ," कमळाकर खालून म्हणाला. "शिडी."

"कशाला शिडी?" आई म्हणाली. "वीतभर तर हाय. तुज्याच टेपनं मोजलीस. मार उडी."

लोक हसले. कमळाकरही हसला, आधी. मग त्यानं कडेला दोन्ही हात टेकून स्वतःला उचलायचा प्रयत्न केला. काळ्या चिखलानं पाय सोडले नाहीत. एक बूट आत राहिला. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा पोट पेव्हर ब्लॉकला अडकलं आणि तो परत घसरला, कुर्त्यावर पंचाऐंशी वर्षांचे सगळे रस्ते उमटले, खालून वर, क्रमानं.

"शेली मारते रोज," जनू म्हणाला. "दोनदा."

"सरासरीनं मार," कुणीतरी मागून म्हणालं. "अर्धा आत, अर्धा भाईर."

मग पाणी आलं. आम्ही खाडीकडली माणसं, भरतीची वेळ आम्हाला ठाऊक असते, पण जुन्या जमिनीपर्यंत उकरलं की जुनं पाणीही येतं, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. चिखलातून हळूहळू झिरपायला लागलं. कमळाकरच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. बुडण्याइतकं नव्हतं, पण बूट तरंगून वर आला आणि त्याच्याभोवती फिरायला लागला.

"आत्ये," तो म्हणाला. आवाज गोड राहिला नव्हता. "काय पाहिजे तुला?"

"किती उंच हाय रे?"

कमळाकरनं दगडाकडे बघितलं. खाच त्याच्या छातीच्या वर होती. त्यानं तिला हात लावला. मला वाटतं, आमच्या गावात त्या दगडाकडे खालून बघणारा गेल्या साठ वर्षांतला आम्ही उकरणारे सोडले तर तो पहिलाच माणूस. "उंच हाय," तो म्हणाला. ते तो आम्हाला म्हणाला नाही.

"लुगडं नेसून. अनवानी. पेंढ्यावर पडायचं."

"व्हय."

"फलकावर काय लिवशील?"

"गळ्याएवढी."

"कुनाच्या?"

"धोंडुबायच्या."

"ग्रामसेवक, लिव," आई म्हणाली. त्यानं लिहिलं. ठरावाच्या कागदावर पावणेसहा खोडून गळा लिहिताना त्याचा हात अडखळला, कारण रकान्यात फक्त फूट आणि इंच होते. शेवटी त्यानं फूटच्या खाली 'गळा' आणि इंचच्या खाली 'एक' लिहिलं. कमळाकरनं खड्ड्यातूनच सही केली. मग विठूनं शिडी सोडली.

सोमवारी खड्डा बुजवला, वर काँक्रीट पडलं, खाच त्याच्याखाली गेली. आईला त्याचं काही वाटलं नाही. आठवड्यानं अनावरण झालं तेव्हा फलक लागला होता. निलेशनं काठीच्या मापानं दांडी बसवली होती, आणि तिच्यावर देवीच्या साच्यातली, एका पायाला पंजाचा डाग राहिलेली, डोळे मिटलेली माझी आजी आडवी तरंगत होती. आमदारानं डोळ्यांबद्दल विचारलं. कमळाकर म्हणाला, ध्यान करतेय.

कार्यक्रम संपल्यावर मी आईला घरी सोडलं. पायऱ्यांत आता एक वाढली होती. ती उंबऱ्यावर बसली, पाठीला तेल लावून घेतलं आणि म्हणाली, "एक काम झालं. आता वरशाचं."

"वरशाचं काय?"

"तिथं अकरा लिवलंय. ते बी खोटंच. अकरा फूट उडायला माजी आय काय पाखरू व्हती? तिथं जमीन खाली गेली, ती वर आनायची. भराव टाकायला लागंल. गल्यापर्यंत."

"आई, तिथं बिल्डिंग आहे."

"असू दे. बिल्डिंगला कोन भराव टाकतंय? जमिनीला टाकायचा. विठूला फोन लाव, त्याच्याकडं डंपर असतील. माती जिथं नेली तिथनं परत मागून आन."

मी मनात हिशोब केला. अकरातून गळा वजा. खिडक्या पूर्ण जातात, दाराचा वरचा भाग तेवढा राहतो. किमयाचा अभ्यासाचा टेबल, बायकोचा ओटा, टीव्ही, सगळं मुरमाखाली. मी म्हटलं, "आई, आम्ही तळमजल्याला राहतो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या घराच्या पायऱ्यांकडे.

"मग काय झालं? मी बी राहतेच की."